नदीकाठची जुनी बिल्डिंग: तपासणी पार्किंगपासून सुरू करा

मुठेच्या काठाला, सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमची सात मजली इमारत आहे, १९९१ सालची. निवृत्त होईपर्यंत मी एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामाची, ड्रॉइंग काढली. फुटिंग (कॉलमचा जमिनीतला पाया), कॉलम शेड्यूल (कुठला कॉलम किती मापाचा, त्यात किती सळया याचा तक्ता), बीममधल्या सळयांचे तपशील, हेच माझं काम. त्यामुळे आसपासच्या सोसायट्यांतली मंडळी मला जिन्यात, भाजीवाल्याकडे, कुठेही थांबवून विचारतात, "ताई, आपली बिल्डिंग अजून किती वर्षं टिकेल?" वर्षांचा आकडा कुणालाच सांगता येत नाही. पण बिल्डिंग कुठे आणि कशी तपासायची, कोणाकडून तपासून घ्यायची आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं, हे नक्की सांगता येतं. तीस-पस्तीस वर्षांच्या, नदीलगतच्या, खाली स्टिल्ट पार्किंग (भिंती नसलेला, नुसत्या कॉलमवर उभा तळमजला) असलेल्या इमारतींसाठी हे लिहिते आहे.

ही काळजी उगाच नाही. अमेरिकेत मायामीजवळ सर्फसाइड नावाचं गाव आहे. तिथे अगदी समुद्रकाठी शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत होती, १९८१ साली बांधलेली. २४ जून २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिचा मोठा भाग झोपलेल्या माणसांसकट कोसळला. ९८ जण गेले. तिथल्या इंजिनिअरने २०१८ सालीच लेखी दिलं होतं की स्विमिंग पूलशेजारच्या डेकला उतार नाही, पाणी निघून जात नाही, वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि त्याखालच्या काँक्रीटच्या स्लॅबचं मोठं नुकसान झालंय. त्या स्लॅबखाली गाड्यांचं पार्किंग होतं. दुरुस्तीचा पहिला अंदाज ९० लाख डॉलरच्या आसपास होता. सभासदांच्या वादात काळ गेला आणि २०२१ मध्ये वर्गणीचा आकडा दीड कोटी डॉलरवर पोचला. हप्ते सुरू व्हायच्या आत इमारत पडली. पुढे सरकारी तपासात असंही निघालं की डेकचं मूळ डिझाइनच त्या काळच्या नियमांना पुरं पडत नव्हतं, आणि नंतर त्यावर झाडांचे वाफे, वाळू, फरशी असा जादा भार चढवला गेला होता.

म्हणजे तिथे रिपोर्ट होता. रिपोर्ट आणि पैसे यांच्यामध्ये जवळजवळ तीन वर्षं गेली. पुण्यातल्या सोसायट्यांना मला हीच गोष्ट सांगायची आहे, आणि म्हणून पैशांच्या ठरावावर शेवटी जरा सविस्तर लिहिलं आहे.

आपल्याकडे सळई का गंजते

पुण्यात खारी हवा नाही. आपल्याकडे गंज येतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या दोघांमुळे. नव्या काँक्रीटमध्ये भरपूर अल्कली असते आणि तिच्यामुळे सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की ही अल्कली संपत जाते. सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर 'कव्हर' म्हणतात, ते पातळ असेल तर ही प्रक्रिया सळईपर्यंत लवकर पोचते. मग पाणी मिळालं की गंज सुरू. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, ते आतून काँक्रीटला ढकलतं, आणि आपल्याला बाहेरून गिलावा फुगलेला दिसतो. शिवाय सत्तर ते नव्वदच्या दशकात वापरलेली पिळाची टॉर सळई आजच्या सळईपेक्षा लवकर गंज पकडते. तुमची बिल्डिंग त्या काळातली असेल तर आत बहुधा तीच आहे.

पाणी येतं ते टेरेसच्या फुटलेल्या कोब्यातून, डक्टमधल्या गळक्या पाइपांतून, बाथरूमच्या खालून. आणि नदीकाठच्या आपल्या लोकांना चौथी वाट आहे: खालून. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवतं. त्या दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी. आपल्या पार्किंगमध्ये येतं ते पाणी सांडपाणी मिसळलेलं असतं. ते ओसरतं, आपण चिखल धुतो, आणि कॉलमच्या खालच्या दोन-तीन फुटांतली ओल तशीच राहते.

पार्किंगमध्ये उतरा

लोक भेगा बघायला आपल्या हॉलपासून सुरुवात करतात. हॉलच्या भिंतीतली, बीमच्या खाली आडवी गेलेली बारीक चीर बहुतेक वेळा वीटकाम आणि काँक्रीट वेगवेगळं आकुंचन पावतं म्हणून आलेली असते. तिने घाबरू नका. सगळ्या मजल्यांचं ओझं ज्यावर आहे ते कॉलम पार्किंगमध्ये आहेत, आणि तिथे कुणी राहत नसल्याने तिकडे कुणी बघत नाही.

रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढायला सांगा. बॅटरी, लाकडी दांड्याची छोटी हातोडी, खडू आणि मोबाइल एवढं पुरे. कॉलमना नंबर द्या. मंजूर नकाशातले नंबर मिळाले तर तेच वापरा, म्हणजे पुढे इंजिनिअरला सोपं जातं. नदीच्या बाजूच्या रांगेपासून सुरुवात करा. प्रत्येक कॉलम जमिनीपासून छातीपर्यंत हलक्या हाताने ठोकत जा. घट्ट आवाज आला तर ठीक. 'ढब ढब' असा पोकळ आवाज आला तर तिथे खडूने गोल करा. त्याचा अर्थ गिलावा सुटलाय किंवा कव्हर उडायच्या बेतात आहे. नक्की काय ते इंजिनिअर ठरवेल, आपलं काम जागा शोधायचं.

कॉलमच्या कडेला उभी, सरळ रेषेत चाललेली चीर दिसली आणि तिच्यातून तांबूस डाग उतरला असेल, तर आतली सळई गंजली आहे असं धरून चाला. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, तिरकी चीर असेल तर ती यादीत सगळ्यात वर लिहा. स्लॅबखाली पांढरे ओघळ म्हणजे पाणी काँक्रीटमधून पाझरतंय. कॉलमला कुणी ग्रॅनाइट किंवा टाइल लावून सजवलं असेल तर त्यामागे काय चाललंय ते कळणार नाही. निदान एक-दोन टाइल काढून बघा. पाणी साचू नये म्हणून लोक कॉलमभोवती सिमेंटची चौकट घालतात. तिच्या आत पाणी अडकतं, त्यामुळे तीही तपासा.

चीर वाढतेय की थांबलेली आहे, हे ओळखण्याची जुनी साइटवरची रीत अजून चांगली चालते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मधल्या भागात काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे. दर महिन्याला त्याच जागेचा, शेजारी नाणं धरून फोटो काढा. हे काम कॉलेजमधली मुलं फार नीट करतात. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सगळे फोटो कॉलम नंबरप्रमाणे लावून ठेवते.

पार्किंगनंतर पाण्याची जमिनीखालची टाकी, लिफ्टचा खड्डा, ड्रेनेजची चेंबरं, आणि मग थेट टेरेस. टेरेसवर उतार बुजलाय का, पन्हाळीच्या तोंडाशी पिंपळाचं रोप आलंय का, जादा टाक्या कुठे ठेवल्यात ते बघा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. पाच हजार लिटरची नवी टाकी कुठल्याही स्लॅबच्या मधोमध ठेवायची नसते, ती कॉलम आणि बीमच्या वर इंजिनिअरला विचारून ठेवायची. टेरेस गार्डनच्या ओल्या मातीचंही तेच. घरोघरी फिरून भिंती कुठे पाडल्यात, बाल्कन्या कुठे आत घेतल्यात हे लिहून घ्या. तळमजल्यावर स्टिल्टमध्ये दुकानासाठी किंवा ऑफिससाठी कुणी कॉलम तासला असेल तर ते त्याच दिवशी चेअरमनना लेखी द्या.

कंपाउंडची भिंत विसरू नका, विशेषतः ती माती अडवत असेल तर. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मेले. भिंतीच्या पायाशी पाणी निघून जायला भोकं असतात ती बुजलेली नसावीत. भिंत पोट काढून उभी असेल तर तिच्या खाली कुणाला राहू देऊ नका, गाडीही लावू नका.

कधी लगेच बाहेर पडायचं

काही गोष्टींत सभा, ठराव, रिपोर्ट यांची वाट बघायची नसते. काही तासांत रुंदावणारी चीर. कॉलममधून काँक्रीटचे तुकडे उडणं, आतल्या सळया बाहेर वाकलेल्या दिसणं. कालपर्यंत नीट लागणारी दारं एकाच उभ्या ओळीतल्या दोन-तीन मजल्यांवर एकदम अडकायला लागणं. रात्री काँक्रीट तडकल्याचे आवाज. यापैकी काहीही झालं तर लिफ्ट न वापरता सगळ्यांनी उतरायचं, इमारतीपासून लांब जायचं आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करायचा. पार्किंगमधली गाडी काढायला परत जायचं नाही. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना कोण उतरवणार हे मजलावार आधीच ठरवून नोटीस बोर्डवर लावा.

ऑडिट कसं करून घ्यायचं

गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी. पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची 'अपार्टमेंट' आहेत. तिथले लोक म्हणतात, आम्हाला उपविधी लागू नाहीत. पण महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ दोघांनाही लागू आहे: ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायची आणि तसं प्रमाणपत्र द्यायचं.

आधी कागद गोळा करा: मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि शक्य असेल तर आरसीसी ड्रॉइंग. नकाशा महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात मागता येतो. ड्रॉइंगसाठी जुन्या आर्किटेक्ट किंवा कन्सल्टंटच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर काम होत नाही. माझ्या अनुभवाने अशा ऑफिसांच्या माळ्यावर ट्रेसिंगच्या गुंडाळ्या अजून पडून असतात. त्यात कॉलम शेड्यूल मिळालं तर ऑडिटचा दर्जा एकदम बदलतो.

इंजिनिअर आणि दुरुस्तीचा ठेकेदार वेगवेगळे हवेत. "ऑडिट फुकट करून देतो" म्हणणाऱ्या ठेकेदाराला नमस्कार करून परत पाठवा. कोटेशन मागवताना विचारा: फक्त डोळ्यांनी बघणार की चाचण्याही करणार? कोणत्या, किती जागी? निदान एवढ्या तरी हव्यात. रिबाऊंड हॅमर, म्हणजे पृष्ठभागाचा कणखरपणा. अल्ट्रासोनिक पल्स, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर चांगलं, त्याच्या खाली संशयास्पद. कार्बोनेशन, यात ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारतात. गुलाबी झालं तर अल्कली शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर संपली. गंजाची शक्यता मोजणारी हाफ सेल चाचणी. आणि शंका असलेल्या कॉलममधून गोल कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून बघणं. नदीच्या बाजूचे कॉलम जमिनीलगत तपासायला सांगा आणि एखाद्या ठिकाणी फुटिंगपर्यंत खोदून बघायला सांगा. पूर आलेल्या इमारतीत हे टाळू नका.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. आज आरसीसीला किमान एम-२० दर्जाचं काँक्रीट लागतं (एम-पुढचा आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट जास्त दाब पेलतं). २००० सालापूर्वीच्या नियमात एम-१५ चालत होतं आणि त्या काळातल्या कित्येक बिल्डिंगा त्यावरच उभ्या आहेत. त्यामुळे "तुमचं काँक्रीट आजच्या दर्जाचं नाही" एवढ्या वाक्यावर कुणी घाबरवत असेल तर विचारा, मूळ डिझाइन कितीचं होतं आणि त्याच्या तुलनेत किती घट आहे? भूकंपाचंही विचारा. पुणे भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या झोन ३ मध्ये धरून इमारती डिझाइन होत आल्या. खाली उघडं स्टिल्ट आणि वर भिंतींनी भरलेले मजले असतील तर भूकंपात तळमजला सगळ्यात दुबळा ठरतो. रिपोर्टमध्ये त्यावर परिच्छेद हवा.

चांगल्या रिपोर्टमध्ये कॉलमनिहाय नकाशा असतो आणि तीन याद्या असतात: आत्ता करायचं, पावसाळ्यापूर्वी करायचं, पुढच्या ऑडिटपर्यंत लक्ष ठेवायचं. "एकूण स्थिती समाधानकारक, किरकोळ दुरुस्ती आवश्यक" अशा दोन ओळींवर सही करून देणारा रिपोर्ट परत करा.

दुरुस्तीचा क्रम उलटा करू नका. आधी पाणी थांबवायचं, मग सळई साफ करून संरक्षक लेप, मग पॉलिमर मॉर्टर किंवा गरज असेल तिथे कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा जादा थर), आणि सगळ्यात शेवटी रंग. कॉलमचं काम काढण्याआधी शेजारच्या बीमला टेकू लावलेले मला स्वतःला दिसल्याशिवाय मी छिन्नी चालू देत नाही. दिवाळीआधी रंग हवा म्हणून पोपडे पुट्टीने झाकले की पुढची काही वर्षं गंज कुणाला दिसत नाही आणि आत तो चालूच राहतो.

पुराच्या आधी आणि नंतर

नदीपात्रातला ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण लोक फोटो काढतो. नदीकाठच्या सोसायटीने तेव्हा विसर्गाचा आकडा बघायला सुरुवात करायची, कारण खडकवासल्याचा विसर्ग वाढल्याची बातमी आणि आपल्या गेटपाशी पाणी यांत फार तास मिळत नाहीत. विजेचे मीटर अजून तळमजल्याच्या खोलीत असतील तर ते वर हलवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. जनरेटर, पंप, सीसीटीव्हीचा बॉक्स हे सगळं मागच्या पुराच्या खुणेच्या वर हवं. ती खूण पार्किंगच्या भिंतीवर रंगाने कायमची मारून ठेवा.

पाणी ओसरल्यावर एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना बेसमेंट किंवा जमिनीखालची टाकी घाईने रिकामी करू नका. बाहेरच्या पाण्याचा दाब भिंतींवर आणि तळावर येतो, भिंत आत फुटू शकते, रिकामी टाकी उचलली जाऊ शकते. बाहेरची पातळी उतरेल तसतसं थोडं थोडं उपसा. टाकीतलं पाणी तोवर पिऊ नका, वापरू नका. नंतर टाकी घासून, क्लोरीन टाकून, पाणी तपासून घ्या. वायरमनने तपासल्याशिवाय पंप आणि लिफ्ट चालू करायची नाही. आणि पाणी गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी तोच हातोडीचा फेरा पुन्हा.

पैसे

इथे सगळं अडतं. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुन्हा बांधण्यासाठी साठवायची रक्कम) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. हा खर्च म्हणजे बिल्डिंग बांधली तेव्हाचा, जमीन वगळून. फ्लॅटचा बांधकाम खर्च २ लाख धरला तर सिंकिंग फंडाचे होतात वर्षाला ५०० रुपये. तीस वर्षांत १५ हजार आणि वरचं व्याज. त्यात आज एका कॉलमचंही जॅकेटिंग धड होईल की नाही सांगता येत नाही. 'किमान' हा शब्द उपविधीतच आहे, म्हणजे सर्वसाधारण सभा जास्त ठरवू शकते. सर्फसाइडनंतर फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदाच केला की तीन आणि त्यावरील मजल्यांच्या अशा इमारतींची ठरावीक वयाला तपासणी होईल आणि स्ट्रक्चरच्या दुरुस्तीचा राखीव निधी सभासदांना मत घालून टाळता येणार नाही. आपल्याकडे हे सभेतच करावं लागतं.

सभेत तीन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "टेरेस गळतंय ते वरच्यांचं, आम्ही पहिल्या मजल्यावर." त्यांना पार्किंगमध्ये नेऊन वरून आलेलं पाणी खालच्या कॉलमपर्यंत कसं पोचलंय ते दाखवा. दुसरं, "आम्ही पेन्शनवर आहोत." हे खरं असतं, त्याला उत्तर दिलंच पाहिजे: हप्ते पाडा, आत्ताच्या यादीतली कामं आधी घ्या, ज्यांना शक्य आहे त्यांनी आगाऊ भरावं आणि पुढच्या मेंटेनन्समध्ये वळतं करून घ्यावं. कुणाही वृद्ध सभासदाचं नाव थकबाकीदार म्हणून बोर्डवर लावायची वेळ येऊ देऊ नका.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक: "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आत्ता खर्च कशाला?" पुनर्विकासाला बहुमताचा ठराव, बिल्डरची निवड, करार, मंजुऱ्या हे सगळं पार पडेपर्यंत वर्षं जातात. नदीकाठी त्यात पूररेषा येते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध क्षेत्रात मोडतं, दोन रेषांमध्ये अटी असतात. आपला प्लॉट नक्की कुठे पडतो हे महापालिकेकडून लेखी घ्या, मगच बिल्डरच्या आकड्यांवर बोला. आणि पुनर्विकास ठरला तरी, घर रिकामं करायच्या दिवसापर्यंत माणसं याच कॉलमवर राहणार आहेत.

म्हणून ऑडिटचा आणि पैशांचा ठराव वेगळा ठेवू नका. इंजिनिअर नेमायच्या सभेतच खालचा मजकूर मंजूर करून इतिवृत्तात घ्या. नावं आणि आकडे तुमचे घाला:

"इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट अमुक इंजिनिअरकडून अमुक तारखेपर्यंत करून घेण्यात येईल. रिपोर्ट मिळाल्यापासून सात दिवसांत त्याची पूर्ण प्रत प्रत्येक सभासदाला दिली जाईल आणि तीस दिवसांत विशेष सर्वसाधारण सभा होईल. 'आत्ता करायचं' या यादीतल्या कामांसाठी प्रत्येक सदनिकेमागे अमुक रकमेपर्यंतचा पहिला हप्ता या ठरावाने आजच मंजूर करण्यात येत असून तो रिपोर्ट मिळताच देय होईल. टेकू लावण्याचं काम समिती सभेची वाट न पाहता इंजिनिअरच्या लेखी सूचनेवर त्याच दिवशी करून घेईल."

सूचक आणि अनुमोदक दोन वेगवेगळ्या मजल्यांवरचे घ्या, एक नदीच्या बाजूचा आणि एक रस्त्याच्या बाजूचा.